डोंगराच्या पायथ्याची पाटी



चिटणीस मला बोलवायला आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी नव्या कामगार संहितांवर बोलावे. युनियनचा माणूस म्हटला की त्याने बोनस, संप आणि कंत्राटी पद्धत यांच्यापलीकडे तोंड उघडू नये, असा एक संकेतच आपल्याकडे आहे. मी त्यांना म्हटले, मला डोंगर चढण्याच्या नियमांवर बोलू द्या. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. पण मोठ्या मनाने त्यांनी विषय पत्रिकेत छापला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण एवढे लोक तो ऐकायला आलात, याबद्दल मी दोघांचाही ऋणी आहे.

माझे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटात झाले. त्यात दुसऱ्या देशांतल्या कामगार चळवळींची पुस्तके होती, आणि त्यांतल्याच एकात मला आजची हकीकत पहिल्यांदा भेटली. तेव्हापासून मी ती शोधून शोधून वाचली आहे. आमची संघटना वर्षातून दोनदा सभासदांना बायकामुलांसह डोंगरावर नेते, त्यामुळे विषय माझ्या पायांनाही ठाऊक आहे.

डोंगराच्या पायथ्याला पाटी असते. 'हे करू नका, ते करू नका, प्रवेश नाही, अमुक वाजेनंतर थांबू नये, दंड इतका.' आपण ती वाचतो का? बहुतेक जण वाचत नाहीत. काही जण तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. माझे म्हणणे असे की पाटी वाचण्याआधी एक प्रश्न विचारावा : ही कोणी लावली, आणि कोणासाठी? एक पाटी माणसाला दूर ठेवण्यासाठी असते. दुसरी पाटी आलेल्या माणसामुळे मागून येणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून असते. दोन्हींवरची अक्षरे पुष्कळदा सारखीच दिसतात, पण दोन्हींत मालक आणि पंच यांच्याइतके अंतर आहे.

हे अंतर जिथे स्वच्छ दिसते असा एक डोंगर इंग्लंडात आहे. त्याचे नाव किंडर स्काउट. उंची अवघी ६३६ मीटर. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला हसू येईल. सिंहगडदेखील याहून कितीतरी उंच. पण या टेकाडाची जागा पाहा. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड. एका शहरात कापडाच्या गिरण्या, दुसऱ्यात पोलादाच्या भट्ट्या. मध्ये हा मोकळा, वाऱ्याचा, झुडपांनी भरलेला माळ. धुराने काळवंडलेल्या गल्लीतून रविवारी सकाळी आगगाडीत बसावे आणि तासाभरात त्या वाऱ्यात उतरावे, एवढे ते जवळ. १९३० च्या सुमारास बेकारी फार होती. ज्याच्याजवळ काम नव्हते त्याच्याजवळ पाय होते. हजारो तरुण दर रविवारी गाठोडे पाठीला लावून चालायला निघत.

पण माळावर पाय ठेवायची सोय नव्हती. तो डेव्हनशायरच्या ड्यूकचा आणि त्याच्यासारख्या इतर जमीनदारांचा. तिथे ग्राउज नावाचा तितराच्या जातीचा पक्षी राखलेला असे. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होई, आणि वर्षातल्या थोड्या दिवसांच्या त्या नेमबाजीसाठी बाराही महिने माळावर काठीवाले राखणदार हिंडत. जागोजाग लाकडी पाट्या : 'विनापरवाना येणाऱ्यावर खटला भरण्यात येईल.' आता गंमत अशी की इंग्लंडच्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवरून नुसते चालत जाणे हा फौजदारी गुन्हा नव्हताच. मालकाने फार तर दिवाणी दावा लावावा. म्हणजे पाटीच खोटी. तिथले लोक त्या पाट्यांना 'लाकडी थापा' म्हणत.

इथे रविवारबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डोंगरावर जायचे तर आधी सुटी हवी. आपल्याकडे ही सुटी आकाशातून पडलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरविल्या, सह्यांचे अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. त्याआधी आठवड्यातल्या सातही दिवसांना एकच रंग होता. रविवारी सकाळी मोटार काढून घाटात जाणाऱ्या माझ्या मध्यमवर्गीय मित्रांना मी हे नाव मुद्दाम सांगतो. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना लोखंडे ठाऊक नसतात, पण रविवार ठाऊक असतो.

असो. तर रविवार, २४ एप्रिल १९३२. ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन नावाची कामगार खेळाडूंची एक संस्था होती. तिचा मँचेस्टरकडचा चिटणीस बेनी रॉथमन, वय वीस, मोटारीच्या गॅरेजात उमेदवारी केलेला पोरगा. त्याने जाहीर केले की आज आम्ही उघड उघड किंडरवर चढणार. पोलीस त्याला रेल्वे स्टेशनवर अडविण्यासाठी उभे होते. हा पठ्ठ्या सायकलीवरून हेफील्ड गावी पोहोचला. गावाबाहेर बोडन ब्रिजजवळ दगडाची एक जुनी खाण आहे. तिथे सुमारे चारशे लोक जमले. रॉथमन एका खडकावर उभा राहून बोलला आणि मंडळी गाणी म्हणत निघाली. विल्यम क्लफ या घळीत राखणदार काठ्या घेऊन आडवे आले. झटापट झाली, एका राखणदाराचा पाय दुखावला. लोक वर चढलेच. दुसऱ्या बाजूने एडेलहून शेफील्डचे लोक चढून आले होते, त्यांची यांची वर भेट झाली. मग सगळे आल्या वाटेने परत फिरले. खाली पोलीस उभे.

सहा तरुणांना पकडण्यात आले. खटला डर्बीला चालला. तिथल्या ज्यूरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचीच गर्दी होती. ज्याच्या माळाचा प्रश्न, त्याच्याच पंगतीतले पंच. चालण्यासाठी शिक्षा देता येत नव्हती, म्हणून दंगा आणि मारहाण अशी कलमे लावली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. आमच्या धंद्यात अशी कलमे ओळखीची असतात. संप बेकायदा ठरवता आला नाही की दगडफेक सापडते.

शिक्षेचा परिणाम मात्र मालकांना हवा होता त्याच्या उलट झाला. त्याच उन्हाळ्यात विनॅट्स पास या खिंडीत हजारो लोकांची सभा भरली. पण मी येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण चळवळीच्या कथा सांगताना आमच्या मंडळींना अर्धे सांगायची खोड असते. चालणाऱ्यांच्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थांना हा मोर्चा मुळीच पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे की वर्षानुवर्षे अर्जविनंत्या करून आम्ही जे जमवीत आणले ते या पोरांनी एका दुपारी बिघडविले. आणि पुढचा कायदा काही त्या एका दुपारीच जन्मला नाही. १९३५ मध्ये रॅम्बलर्स असोसिएशन ही देशव्यापी संस्था झाली. तिने आणि इतरांनी किती समित्या, किती निवेदने, किती खेटे घातले! महायुद्ध संपले, मजूर पक्षाचे सरकार आले, आणि लुइस सिल्किन या मंत्र्याने १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा मंजूर करवून घेतला. १७ एप्रिल १९५१ रोजी ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते हेच : पीक डिस्ट्रिक्ट. तेव्हा मोर्चावाले मोठे की अर्जवाले मोठे? मला विचाराल तर वाटाघाटीच्या खोलीत बसलेल्या माणसाला बाहेरची घोषणा ऐकू यावी लागते, आणि बाहेरच्याला आत कोणीतरी कागद घेऊन बसलेला लागतो. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, ते पटण्याची गरजही नाही.

राष्ट्रीय उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोरिवलीचे जंगल येते : सरकारी जमीन, कुंपण, फाटकावर तिकीट. तिकडचे तसे नाही. पीक डिस्ट्रिक्टचा विस्तार सुमारे १४३८ चौरस किलोमीटर, पण त्यातली बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. आत गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत, दगडाच्या खाणीसुद्धा आहेत. हजारो माणसे तिथे राहतात आणि पोट भरतात. म्हणजे पाहुणा रानात येत नाही, तो कोणाच्या तरी कामाच्या जागी येतो. हा मुद्दा आपण नीट धरून ठेवा.

हक्काची लढाई चालू होती तोवर सगळे सोपे होते. शत्रू समोर, काठी त्याच्या हातात. फाटक उघडले आणि दुसराच प्रश्न उभा राहिला : आता आत गेल्यावर वागायचे कसे? काठीवाला राखणदार बाजूला झाला, त्याच्या जागी काय? त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, उद्यानाने स्वतःचे वॉर्डन नेमले, ज्यांचे काम लोकांना हाकलण्याचे नसून वाट दाखविण्याचे. दुसरी, १९५१ मध्येच एक छोटा आचारनियम छापला. कंट्री कोड त्याचे नाव. पत्रिकेएवढा कागद. दंडाची भाषा नाही. विस्तव सांभाळा, फाटके लावा, कुत्रे ताब्यात ठेवा, शेतातून जाताना पायवाट सोडू नका, गडग्यांची मोडतोड करू नका, कचरा टाकू नका, पाणी घाण करू नका, झाडे-प्राणी जपा, रस्त्यावर बेताने चाला, गावच्या जीवनाचा मान ठेवा. झाले.

वाचताना हे शाळेतल्या सुविचारांसारखे वाटते, पण एकेक नियम उचलून त्याच्या पोटात पाहिले म्हणजे आत कोणाचे तरी काम दिसते. फाटकाचेच घ्या. शहरी माणसाला फाटक म्हणजे अडथळा. मेंढपाळाला ते फाटक म्हणजे वर्षाचा हिशेब. कोणत्या माद्या कोणत्या नराबरोबर, कोणते कुरण आज चरायचे आणि कोणते गवत हिवाळ्यासाठी वाढू द्यायचे, हे सगळे त्या फाटकाच्या कडीवर असते. एका माणसाने कडी लावली नाही की संध्याकाळी त्याचा कळप दुसऱ्याच्या कळपात मिसळतो, आणि तो बिचारा अंधारात कुत्रा घेऊन निवडत बसतो. पुढे अनुभवाने हा नियम सुधारला गेला. कारण काही फाटके शेतकऱ्याने मुद्दाम उघडी ठेवलेली असतात, जनावरांना पाण्यावर जाता यावे म्हणून. चांगल्या मनाच्या एखाद्या पाहुण्याने ते लावले की जनावरे तहानेने तडफडतात. तेव्हा आता सांगतात : फाटक जसे दिसले तसे ठेवा. मला हा बदल फार आवडतो. पहिला नियम म्हणत होता, आज्ञा पाळ. दुसरा म्हणतो, इथल्या माणसाने काहीतरी विचार करून हे असे ठेवले आहे, तो विचार तुला कळला नाही तरी मोडू नकोस.

कुत्र्याचे तसेच. १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या माळावर कुत्रा २ मीटरपेक्षा आखूड दोरीने बांधलेला पाहिजे, आणि गुराढोरांजवळ तर बाराही महिने. का? माळावरचे पुष्कळसे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत, जमिनीवर अंडी घालतात. कुत्रा चावलाच पाहिजे असे नाही. तो नुसता हुंगत फिरला तरी मादी उठते, आणि त्या थंड वाऱ्यात अंडी गारठतात. यात मौज पाहा. ज्या ग्राउजच्या नावाने लोकांना नव्वद वर्षांपूर्वी हाकलले, त्याच ग्राउजची अंडी आज लोक स्वतःहून राखतात. पक्षी तोच. तेव्हा तो ड्यूकचा होता.

आणि विस्तव. तिथली जमीन पीटची असते. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात साठत गेलेले, पुरते न कुजलेले शेवाळ आणि गवत. वाळले की ते जळते, आणि वरची ज्योत विझली तरी आतल्या आत धुमसत राहते. २०१८ च्या जूनमध्ये त्या उद्यानाच्या कडेला सॅडलवर्थच्या माळाला आग लागली, ती विझवायला सैनिक बोलवावे लागले आणि काम आठवडेच्या आठवडे चालले. ज्या पिटाची एक पेर साठायला कित्येक वर्षे लागतात, ते एका रात्रीत गेले.

आता वाटेविषयी, कारण माझ्या मते सगळ्या नियमांत हा कठीण आहे. एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत पेनाइन वे नावाची २६८ मैलांची पायवाट आहे. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्ये 'डेली हेरल्ड' या मजुरांच्या बाजूच्या पत्रात लेख लिहून तिची कल्पना मांडली, आणि २४ एप्रिल १९६५ रोजी ती पुरी झाली. तीस वर्षे! तारीख ध्यानात आलीच असेल. लोक आनंदाने चालू लागले, आणि चालून चालून त्यांनी ती वाट खाऊन टाकली. ओल्या पिटावर पाय पडला की चिखल होतो. पुढचा माणूस बूट भरू नये म्हणून चिखलाच्या कडेने जातो. मग कडेचा चिखल होतो. तिसरा आणखी कडेने. काही वर्षांत हातभर वाटेचा काळा पट्टा कित्येक वाव रुंद झाला, गवत मेले, पावसाने पीट वाहून ओढ्याला लागले. यात दुष्ट कोणीच नव्हता. प्रत्येकाने फक्त आपला बूट वाचविला. म्हणून तिथे शिकवितात की चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चाला. ऐकायला उलटे वाटते, पण ज्याला वाटेची कीव आहे त्याने आपले बूट भरू द्यावेत.

मग त्या वाटेवर फरशा घालायचे ठरले. एवढा दगड आणायचा कुठून? त्याच सुमारास त्या भागातल्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडून पाडल्या जात होत्या. त्यांच्या जमिनीच्या जाड दगडी फरशा काढल्या, हेलिकॉप्टरने माळावर नेल्या आणि ओळीने बसविल्या. लाकडी तळव्याचे जोडे घालून ज्यांवर गिरणीतल्या बायका आणि पुरुष पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, त्या फरशांवरून आज त्यांची नातवंडे डोंगर चालतात. आमच्या परळ-लालबागच्या गिरण्यांच्या फरशांचे काय झाले, हे मला कोणी सांगू शकलेले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जागांवर मॉल आणि मनोरे झाले. तिथे आत शिरायला पाटी नाही, पण गिरणीतून उठलेला माणूस दारातूनच परत फिरतो. हे थोडे विषयांतर झाले.

आपल्या सह्याद्रीकडे येऊ. आपल्याकडे ड्यूक नव्हता, आणि गडावर जायला कोणी काठी घेऊन आडवे आले नाही. त्यामुळे हक्क मिळविण्याचा आणि तो सांभाळण्याचा धडा आपल्याला सक्तीने शिकावा लागला नाही. २०२५ च्या जुलैत रायगड, राजगड, लोहगड, शिवनेरी, साल्हेर असे बारा किल्ले युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. गर्दी आता वाढणारच. तिकडच्या कागदावरचे दहा नियम इथे नुसते मराठीत आणून चालणार नाही. आपली रचना वेगळी आहे, तर नियमही इथल्या कामातून उगवले पाहिजेत.

गडावरचे टाके घ्या. कातळात खोदलेले, पावसाचे पाणी धरणारे. फेब्रुवारीनंतर वर राहणाऱ्याला, गुराख्याला आणि वाट चुकलेल्याला तेवढाच आधार. त्यात पाय सोडून बसणे, अंग धुणे, पिशव्या भिरकावणे ही मौज नव्हे, ती पुढच्याच्या तोंडचे पाणी काढणे आहे. आग्या मोहोळ घ्या. आमच्या कड्यांना ती पोळी लटकलेली असतात. चूल पेटवून धूर केला, आरडाओरडा केला, उग्र अत्तर लावून गेलो तर माशा उठतात; आणि त्या उठल्या की ज्याने धूर केला त्यालाच चावतात असा न्याय त्यांच्याकडे नाही, त्या मागच्या म्हाताऱ्याला आधी गाठतात. शेताच्या वईतले कवाड घ्या, ते तर किंडरच्या फाटकाचे सख्खे भावंड. आणि पायथ्याच्या घरातली माणसे. 'ए, पाणी आण' म्हणून ओरडणारी शहरी पोरे मी पाहिली आहेत. त्या घरात मामा असतो, मावशी असते. राम राम घालावा, ओसरीवर टेकायचे तर विचारून टेकावे, पिठले-भाकरीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. वर्षभर पाचशे रुपयांच्या वाढीसाठी आमच्याबरोबर दारसभा करणारा कामगार रविवारी त्या मावशीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेव्हा मला त्याला खाली आल्यावर बाजूला घ्यावे लागते.

पावसाळ्याचा प्रश्न याहून जड आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाहता पाहता पाणी वाढले आणि मधल्या खडकावर ती माणसे एकमेकांना धरून उभी राहिली. आपण सर्वांनी ते चित्र पाहिले आहे. त्यानंतर जमावबंदीचे हुकूम निघाले, ठिकाणे बंद झाली. अधिकाऱ्याची अडचण मला कळते. मेलेला माणूस त्याच्या दप्तरात येतो. पण सरसकट बंदीत एक अन्याय लपलेला असतो. मोटारवाल्याला डोंगरावरच्या हॉटेलात खोली मिळते, त्याच्या खिडकीतून धबधबा चालूच असतो. बंद होतो तो लोकलने किंवा एसटीने आलेल्याचा. आणि बंदीने माणूस शहाणा होत नाही. डोंगरावर दूर कुठे ढग फुटला की इथे ऊन असतानाही ओढा चढतो. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली की त्या क्षणी काठ गाठायचा, सामान सोडून गाठायचा, हे त्या पाटीवर कुठे लिहिलेले असते? 'धोका' एवढेच लिहिलेले असते. धोक्याची खूण सांगितली तर लोक ऐकतात. कारखान्यात यंत्रावर नुसते 'सावधान' लिहून अपघात थांबत नाहीत, बोटे कुठे सापडतात ते दाखवावे लागते.

माथेरानचे उदाहरण तर नियमाच्या किमतीचे आहे. तिथे मोटारी वर नेत नाहीत. दस्तुरी नाक्यावर थांबतात. फार उत्तम नियम, त्यामुळेच ती झाडी आणि ती लाल मातीची वाट राहिली. पण मोटार नाही म्हणून माणसाने चालावे, असे सगळ्यांनी केले नाही. ज्यांना चालायचे नव्हते त्यांना ओढायला माणूस जुंपला. कित्येक पिढ्या हातरिक्षा ओढणारे त्या चढावर धापा टाकत राहिले, आणि आपण हवा शुद्ध आहे म्हणून छाती भरून श्वास घेत राहिलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असे सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचा हुकूम दिला. माझे म्हणणे एवढेच की कोणताही सुंदर नियम पाहिला की त्याचे ओझे कोण वाहतो ते एकदा वाकून पाहावे. विजेच्या रिक्षा आल्या तर त्या कोणाच्या नावावर होतात, इकडेही लक्ष ठेवावे लागेल; ते आमच्या संघटनांचे काम आहे, इथल्या श्रोत्यांचे नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे, कारण मे संपला की आपल्यापैकी पुष्कळ जण निघतील. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. त्याचा दम एका लयीत चाललेला असतो, तो मोडला की पुन्हा जमवायला वेळ लागतो. उतरणाऱ्याने थांबावे, डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या अंगाला नव्हे. दगड घरंगळला तर लाज न बाळगता मोठ्याने 'दगड!' म्हणून ओरडावे. टोळीत सर्वांत हळू चालणारा असेल त्याला सर्वांत पुढे ठेवावे. आम्ही सहलीत हेच करतो, आणि तरुण पोरे कुरकुरतात. त्यांना मी सांगतो की युनियनही याच चालीने चालते. मोबाइलवर गाणी लावून चढू नये. कानांना दुसऱ्याही कामे आहेत : पाण्याचा आवाज, माशांचा आवाज, आणि कोणी हाक मारली तर ती.

हाकेवरून आठवले. १९६४ च्या मार्चमध्ये त्याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये एका चालण्याच्या स्पर्धेत वादळी थंडी-पावसात सापडून तीन तरुण बालवीर मेले. मुलूख तोच, ज्याच्या उंचीला आपण मघाशी हसलो. त्यानंतर तिथल्या स्वयंसेवकांच्या बचाव तुकड्यांची नीट जोडणी झाली. आपल्याकडेही लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची मुले कामधंदा सोडून, पगार कापून घेऊन रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांना शोधणे सोपे व्हावे म्हणून प्रत्येकाने गळ्यात साधी शिट्टी अडकवावी. अडचणीत सापडलात तर एका मिनिटात सहा शिट्ट्या द्यायच्या, मग एक मिनिट गप्प राहायचे, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे. उत्तर आले तरी आपण शिट्ट्या थांबवायच्या नाहीत, कारण येणाऱ्याला त्या आवाजाच्या मागोमागच अंधारात वाट काढायची असते. शिट्टी वीस-पंचवीस रुपयांना मिळते. लहान मुलांच्या गळ्यात घालताना मात्र त्यांना बजावून सांगा की ही खेळायची नव्हे, आणि घरातून निघतानाच एकदा सहा वेळा वाजवून दाखवा.